ड्रॅगनचं उठणं

ड्रॅगनचा सांगाडा चित्रकारणीला झकास जमला होता. पुढच्या पायांच्या खांद्यामागे तिने पंखांसाठी खांद्याच्या हाडांची वेगळी जोडी बसवली होती आणि पंख ओढणारे स्नायू पेलायला छातीचं हाड होडीच्या तळासारखं पुढे काढलं होतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. सिनेमात ड्रॅगन जखमी होऊन कोसळतो आणि पुन्हा उठतो. ते उठणं काही केल्या खरं वाटेना.

"हवा भरलेली रबरी पिशवी वाटतेय," दिग्दर्शक म्हणाला. तिचं तोंड एवढंसं झालं.

घरी तिची आत्या होती. आई गेल्यावर तिनेच हिला लहानाची मोठी केली. जन्मभर पोराटोरांना पोहायला शिकवलेली, अंगापिंडाने दणकट बाई. पक्षाघाताने डावं अंग लुळं पडलं, पण तोंडाचा पट्टा शाबूत. "अर्धी गेले गं, बोलणारी अर्धी उरलेय," म्हणायची.

एका दुपारी आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला. चित्रकारीण धावली. आत्या खाटेशेजारी पालथी पडली होती. तिने उजवं कोपर फरशीवर रोवलं, मान उचलली, लुळा खांदा मागून ओढून आणला. आदळली. पुन्हा कोपर रोवलं. दारातून पुढे व्हायचं सोडून चित्रकारणीने मोबाइल काढला. आत्या घामाघूम होऊन खाटेला टेकेपर्यंत ती चित्रण करत राहिली. मग मागे सरकली आणि आत्ताच आल्यासारखी "अगं बाई, काय झालं?" करत आत शिरली.

ड्रॅगन उठला. दिग्दर्शक बेहद्द खूश. ॲनिमेशनवाल्याने तर जमिनीवर लोळून, डावा हात लोंबकळत ठेवून ते उठणं करून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. तीही हसली, आणि मग तिला स्वतःचीच किळस आली.

"आपण हे बदलू या का?" तिने दिग्दर्शकाला विचारलं.

"डोकं फिरलंय का? अख्ख्या सिनेमात हेच तर खरं आहे!"

चित्रण तिने पुसून टाकलं. ड्रॅगन मात्र राहिला.

"दाखव की तुझं जनावर," आत्या मागेच लागली. शेवटी चित्रकारणीने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. ड्रॅगनने कोपर रोवलं, मान उचलली, एक पंख मागून ओढून आणला. आता आत्या काहीतरी टोमणा मारेल, म्हणून ती वाट बघत राहिली. मारला असता तर बरं झालं असतं.

"तुझे पाय दिसत होते मला दारात," आत्या म्हणाली. "वाटलं, घाबरली पोर. म्हणून हाक नाही मारली."

चित्रकारणीने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. आत्या उठायला लागली. ती आधार द्यायला पुढे सरसावली.

"तू बाहेर थांब," आत्या हळूच म्हणाली. "दार लोटून घे."

तिने दार लोटलं. आत खाट करकरली, फरशीवर काहीतरी घासलं गेलं. ती बाहेर उभी राहिली. आत जायचं तोंड तिला उरलं नव्हतं.