हसरीचा निळा झगा

दुपारी बाळ झोपलं की मी मशीनवर बसते. त्या दिवशी बसले तोच बाईंनी निळा झगा माझ्यापुढे टाकला. बाई म्हणजे आमच्या डोंगरवस्तीतल्या पोरींना शहरात कामाला लावणाऱ्या.

"नणंदेच्या मापाचा करून दे. तिकडे पहिल्या दिवशी हाच घालायचा असतो. चारला गाडी निघेल."

झगा मी लगेच ओळखला. दोन वर्षांपूर्वी मीच तो शेजारच्या हसरीसाठी शिवला होता. बाईंबरोबर गेली त्यानंतर तिचा आवाजसुद्धा कानावर आला नाही. तिची आई पोलीस चौकीत गेली, तर "तुमच्या पोरी पळूनच जातात," म्हणून तिला दारातूनच वाटेला लावलं.

"हसरी कशी आहे, बाई?"

"मजेत! खाऊन खाऊन गोल झालीय नुसती. झगा अंगात जाईना, म्हणून तर परत दिला."

नणंद फिदीफिदी हसली. "मीपण गोल होऊन येते, वहिनी. मग दादाला मला ढकलून घरात घ्यावं लागेल!"

बाई गाडीत जाऊन बसल्या. मी झगा उलटा केला आणि हात तिथेच थांबला.

"काय गं वहिनी, भूत दिसलं?"

"बोट फिरव इथे."

तिला टाके घालायला मीच शिकवलंय. तिने कमरेच्या शिवणीवरून बोट नेलं.

"ही तुझी टीप. आत ही हाताची... हसरीचीच की! दोन-दोन गाठी मारायची सवय तिची." बोट पुढे सरकलं. "कंबर आत घेतलीय. परत आत घेतलीय. गोल कुठे झाली मग?"

"पुढे बघ."

"इथे सगळं उसवलंय. पोटाशी पट्टी जोडलीय." तिचा आवाज बारीक झाला. "आणि नंतर परत आत. पहिल्यापेक्षा चार बोटं आत."

छातीशी आतल्या बाजूने दोन गोल डाग होते, वाळून कडक झालेले. तसले डाग माझ्या प्रत्येक पोलक्याला आहेत.

तेवढ्यात बाळ रडत उठलं. त्याला मांडीवर घेतलं, तर त्याने झग्यावर गाल टेकला, डाग हुंगला, आणि तोंड चुळूचुळू हलवत तिथेच प्यायला शोधू लागलं. रडणं एकदम थांबलं. मशीनवर, मांडीवर, कुठेच काही हललं नाही. फक्त ते इवलंसं तोंड.

नणंदेने हात मागे घेतला. "वहिनी, तिचं बाळ कुठंय?"

बाहेर हॉर्न वाजला. "झालं का गं?"

"होतंय, बाई! पाचच मिनिटं!"

नणंदेने झगा बाळाच्या गालाखालून हळूच काढला, घडी करून काखेत मारला. "मी हसरीच्या आईकडे जाते. तू मशीन थांबवू नकोस."

ती मागच्या दाराने गेली. मी बाळाला छातीशी धरलं आणि पाय मारत राहिले. सुईखाली कापड नव्हतं. खटखट, खटखट. मशीन इतकं हलकं चालत होतं, की दुसरंच कुणी पाय मारतंय असं वाटलं.

पायरीवर चप्पल वाजली. "बघू तरी किती राहिलंय."

मी मान वर केली नाही. दारात सावली आली, मशीनपर्यंत लांबली, आणि रिकाम्या सुईपाशी थांबली.

"झगा कुठंय?"

उत्तर मला द्यावंच लागलं नाही. शेजारून हसरीच्या आईची किंकाळी उठली. मग वस्तीतली दारं एकेक करून उघडायला लागली.