सायबीण कोणाच्या हातातून

खुरसावाडीत ऑक्टोबर महिना सायबिणीचा. मारियामातेची ती हातभर उंचीची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जायची. जिच्या घरी सायबीण एक दिवस राहिली, तीच बाई तिला दोन्ही हातांत धरून शेजारच्या दारापर्यंत नेई. शेजारीण उंबऱ्यावर पुढे होऊन तिला आपल्या हातांत घेई. कट्टा गावाजवळच्या या लहानशा ख्रिस्ती वाडीत हा रिवाज कोणी सुरू केला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

२००४ सालच्या त्या दिवशी सायबीण इजाबेल लोबोच्या घरी येणार होती. इजाबेल घरापुढच्या खळ्यात बसून अबोलीचा हार करत होती. तिची सून जुलियाना पडवी सारवून आता चुलीवर चणे शिजवत होती. इजाबेलचे गुडघे धरले होते, म्हणून यंदा सायबिणीला पुढच्या घरी जुलियानाच नेणार होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला पहिल्यांदाच हा मान मिळत होता.

जुलियाना हल्याळच्या रानातली सिद्दी. पोर्तुगिजांच्या काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशातली. काळाभोर रंग, दाट कुरळे केस. इजाबेलचा मुलगा रुजार पूर्वी कारवारला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, तिथल्या चर्चमध्ये त्यांची ओळख झाली. तिची कोंकणी इथल्या मालवणीला सहज जुळली. प्रार्थना तिला वाडीतल्या बायांपेक्षा जास्त पाठ होत्या. तरीही वाडीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ती बसली की बाकावरच्या बाया हळूच सरकत. तिची लेक सेलिना नाताळच्या नाटकात देवदूत व्हायला गेली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईने हसून सांगितलं, "पांढऱ्या कपड्यांत ही बरी दिसूची नाय गो." इजाबेलने हे सगळं पाहिलं होतं आणि दरवेळी गप्प राहिली होती. हळूहळू सवय होईल लोकांना, असं ती स्वतःला समजावी.

दुपारी शेजारची रेमेद पिंटो आली. तिचा नवरा देवळाच्या कमिटीचा मुख्य. उद्या सायबीण तिच्याच घरी जायची होती.

"इजाबेल, उद्या सायबीण तूच घेवन ये. माझ्या झिलाचा सोयरिकीचा चालला हा, गोंयचे पाव्हणे येतले."

"माझे पाय चलनत नाय गो. जुलियाना हाडतली."

रेमेदने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "तेच सांगतंय. तिच्या हातान नको. माझा काय नाय गो, पण लोक काय म्हणतले?"

इजाबेलने हाराची गाठ मारली. "बघूया," एवढंच म्हणाली.

आत चण्यांवर झाकण ठेवल्याचा आवाज आला. जुलियानाने ऐकलं होतं.

संध्याकाळी सायबीण आली. मेणबत्त्या लागल्या, लादीन ही गाऊन म्हणायची प्रार्थना झाली. जुलियाना चण्यांचं ताट घेऊन फिरू लागली. "पोट भरला," "मगे घेतंय," असं म्हणत एकेक जण मान वळवू लागला. अखेर इजाबेलने सुनेच्या हातातलं ताट घेतलं, तशा ओंजळी पुढे झाल्या. सेलिना भिंतीला टेकून बघत होती. "आई, तुज्या हातांक कितें लागलां?" तिने विचारलं. जुलियानाने लेकीला जवळ ओढलं.

लोक गेल्यावर जुलियाना म्हणाली, "माय, फाल्यां सायबिणीक तुमीच व्हरा. हांव सेलिनाक घेवन म्हज्या गांवांत वतां. तिणें हें शिकपाक नाका."

इजाबेल सायबिणीसमोर बसून राहिली. चण्यांचं ताट आपण हातात घेतलं तेव्हा वाडीची बाजू घेतली, सुनेची नव्हे, हे तिला आता कळलं होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत थांब," ती म्हणाली. "मगे तुका अडवूचंय नाय."

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा माणसं जमली. इजाबेलने वेदीवरची सायबीण उचलली आणि सगळ्यांच्या देखत जुलियानाच्या हातांत दिली. मिरवणुकीचं गाणं खळ्यातच विरलं. पिंटोंच्या दारापर्यंत पोचेतो मागे मोजकीच माणसं उरली.

रेमेद उंबऱ्यावर उभी होती. तिने हात पुढे केले नाहीत.

"इजाबेल, तू घे नी आत ये," तिचा नवरा म्हणाला.

"माझ्या घरची सायबीण माझ्या सुनेच्या हातात आसा. घेतलास तर तिच्या हातातून घेवा."

"हट्ट करू नको. देवाच्या कामात भांडण कित्या?"

"भांडण मी करतंय?"

जुलियानाचे दंड भरून आले होते. रुजार मूर्ती घ्यायला पुढे झाला, तिने मान हलवून नको म्हटलं. रेमेद रडू लागली, पण तिचे हात पदरातच राहिले. मग घरातून कोणीतरी दार लोटलं.

सायबीण परत इजाबेलच्या घरी आली आणि तिथेच राहिली.

रविवारी फादरनी मिसेच्या उपासनेत एकीवर प्रवचन दिलं. ख्रिस्तात ना ज्यू ना ग्रीक, ना दास ना स्वतंत्र. सगळे माना डोलावत होते. प्रवचन संपताच इजाबेल बाकाला धरून उठली.

"फादर, सायबीण माझ्या घराक अडकली हा. कोणाच्या घराक न्हेव? माझ्या सुनेच्या हातातून कोण घेतलो, तेणी सांगा."

फादरनी चष्मा काढला, पुसला. "इजाबेलबाई, मिसेनंतर कमिटीशी बोलू. सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं."

"तिका सांभाळूक नको?"

मग अगदी मागून आवाज आला. ओहोळापलीकडे सुपं-टोपल्या विणणारी विधवा सांतान उभी होती.

"माझ्याकडे हाडशात?" ती अडखळत म्हणाली. "आमच्या पलतडाक सायबीण कधी येवकच नाय. वाटेर चिखल आसा म्हणान सांगतत."

इजाबेलचा चेहरा उतरला. चिखलाचं ते कारण तिनेही वर्षानुवर्षं सांगितलं होतं. पलतडची माणसं खालच्या मानलेल्या जातीतून ख्रिस्ती झालेली, हे मात्र कोणी उघड बोलत नसे.

त्या संध्याकाळी जुलियाना सायबीण घेऊन ओहोळाच्या साकवावरून गेली. रुजार आईला धरून चालवत होता, पुढे सेलिना मेणबत्ती सांभाळत होती. वाट कोरडी होती. मागे वाडीतली माणसं आपापल्या पडवीत उभी राहून पाहत होती. बरोबर कोणी आलं नाही. सांतानने हात पाण्याने धुतले, पदराला पुसले आणि जुलियानाच्या हातांवर आपले हात ठेवून सायबिणीला घेतलं. बराच वेळ तिने ते हात सोडलेच नाहीत.

परत येताना जुलियानाने उद्याचं विचारलं, "फाल्यां?"

"पलतडची सगळी घरा होवंदेत. मगे रेमेदच्या दारात."

"ती घेवची ना, माय."

"नाय घेतल्यान तर दुसऱ्या दिसा परत जावया," इजाबेल म्हणाली आणि दुखरा पाय उचलून साकवावर ठेवला. "दार बंद करून ती दमतली. आपण दमूचा नाय."