आत्याचा मान

माझी लेक चैत्राली गोष्टी लिहून पोट भरते. लंडनच्या क्रॉयडन भागातली ऑफिसची नोकरी तिने सोडली आणि आता मराठी कादंबरी भागाभागाने इंटरनेटवर टाकते. मध्ये प्रकाशक नाही, कोणी नाही. पैसे भरणाऱ्यांना नवा भाग आधी मिळतो, बाकीच्यांना शुक्रवारी फुकट. पुण्यापासून दुबईपर्यंत तिच्या वाचक बायका आहेत. मी तिच्याकडेच राहते. मला अक्षरं उशिरा आली, तीही तिच्याच शाळेच्या पुस्तकांतून, म्हणून तिने लिहिलेलं मी सहसा सोडत नाही.

त्या मंगळवारी टॅबलेटवर नवा भाग उघडला. हॉस्पिटल होतं. काचेच्या पेटीत नुकतं जन्मलेलं बाळ होतं. त्याची आत्या पेटीवर वाकते आणि जगणार नाही अशा त्या मुलीला नाव सांगते. सिया.

मी तिथेच थांबले. पुढचं वाचवेना.

सिया माझी नात. माझ्या मुलाची, रवीची मुलगी. गेल्या वर्षी ती आली आणि एक दिवसही राहिली नाही. बारशाआधी नाव बाहेर सांगायचं नसतं, म्हणून ते रवी, सून श्रद्धा आणि कानात सांगायचा मान जिचा ती आत्या, एवढ्यांनाच ठाऊक होतं. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा पोर बिननावाची जाऊ नये म्हणून चैत्रालीने ते तिथेच सांगितलं. श्रद्धा ऑपरेशननंतर गुंगीत होती, रवी तिच्यापाशी. बाळाजवळ आम्ही दोघीच. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. श्रद्धा कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती, आता कुठे कामावर जायला लागली होती.

भागाखाली वाचकांचे शेरे होते. ‘ताई, रडवलंत! पैसे वसूल.’ एकीने लिहिलं होतं, ‘आमच्याकडे पुढच्या आठवड्यात बारसं आहे, हेच नाव ठेवतोय.’ आणि त्याखाली चैत्रालीने स्वतः विचारलं होतं, ‘पुढे काय व्हावं? आईला वेड लागावं की सासूने तिला माहेरी धाडावं?’ वेडाला जास्त मतं पडली होती.

ती स्वयंपाकघरात कॉफी करत होती. मी टॅबलेट तिच्यापुढे धरला.

“काढ हे.”

“आई, फिक्शन आहे ते. मी सगळं बदललंय. शहर बदललं, नवऱ्याचा जॉब बदलला.”

“आणि नाव?”

“ट्राय केलं ना. दुसऱ्या नावाने सीन उभाच राहीना.”

“म्हणून पोरीचं नाव बाजारात मांडलंस?”

“मीच ठेवलं ना ते! आत्याचा मान माझा.”

“मान म्हणजे काय मालकी? उद्या मामा जावळाचे केस विकेल.”

तिला हसू आलं. मला अजून ते हसू डोळ्यांसमोर दिसतं.

“हे बघ,” ती म्हणाली, “लोकांनी पैसे भरलेत. भाग काढला तर ते जातात. मग रेंट कोण देणार? आणि वहिनी कुठे वाचते माझं? तिला टाइम तरी आहे का?”

“शुक्रवारी सगळ्यांना उघडं होणार. कोणीतरी पाठवेलच तिला. परत अंथरूण धरलं तर?”

“तू उगाच ड्रामा करतेस.” कप घेऊन ती खोलीत गेली. दाराआडून टाइप करण्याचा आवाज येऊ लागला. पुढचा भाग असणार. वेडाचा.

परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी ट्रामने रवीकडे गेले. तो ऑफिसात होता. श्रद्धा घरून काम करत होती. माझा चेहरा पाहून तिने लॅपटॉप मिटला.

“आई, बसा. मला माहितेय तुम्ही का आलात.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी पैसे भरते ताईंना. पहिल्या भागापासून. वेगळ्या नावाने, म्हणजे त्यांना ऑकवर्ड नको. नोकरी सोडली, तेवढीच मदत.”

लेकीने जिचं दुःख विकलं, तिनेच ते पैसे मोजून घेतलं होतं.

“मी तिला काढायला लावते,” मी म्हणाले. “आजच्या आज. रवीला सांगते. तो बघेल तिच्याकडे.”

“थांबा ना. आधी एक विचारू? मला कोणी काही सांगितलंच नाही तेव्हाचं. मीही विचारलं नाही.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “त्यात लिहिलंय, नाव सांगितल्यावर तिने आत्याचं बोट धरलं. मी तेवढंच सारखं वाचते. खरंच धरलं होतं?”

त्या पोरीचे दोन्ही हात पट्ट्यांनी बांधलेले होते. चैत्रालीने पेटीत हात घातलाच नव्हता, नर्सने नको म्हटलं होतं. पोर हललीसुद्धा नाही. आणि ही माझ्या तोंडाकडे बघत होती.

“धरलं होतं,” मी म्हणाले.

“घट्ट?”

“चांगलं घट्ट.”

ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, “ताईंना सांगा, काढू नका. राहू दे.”

घरी आले तर चैत्राली दारातच उभी. “गेली होतीस ना? काय म्हणाली?”

“राहू दे म्हणाली.”

“बघ! मी म्हटलं नव्हतं?” तिचा चेहरा खुलला. मग जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून तिने विचारलं, “रडली का? म्हणजे, नेमकी कशी?”

टिपून घ्यायला तिच्या हातात फोन तयार होता. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण बोट धरल्याचं खोटं तिने कागदावर तरी लिहिलं होतं; मी ते त्या पोरीच्या आईच्या डोळ्यांत बघून सांगून आले होते. मी चपला काढल्या आणि आत गेले.