मतदानापर्यंत बोलनं बंद

मले लटारू म्हनते. कुरखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. मी अना हरिदास, आमी दोघायनं बावीस वर्सं आरा ओढला. तवा गावात लाकूड कापाची मशीन नव्हती. दोन लाकडी घोड्यायवर ओंडका चढवाचा, पाचरा मारून घट्ट कराचा. मंग एक मानूस वरतं उभा, एक खाली. वरचा रेघ पाह्यते. खालच्याच्या डोळ्यात भुसा पडते, म्हनून तो डोळे मिटून निसता ओढते. वरतं मी, खाली हरिदास. माही नजर चांगली, त्याचा दम मोठा.

अना तोंडं दोघायचेही चालूच. त्याची बायको बायनाबाई म्हने, "यायचा आरा कमी अना तोंडंच जास्त चालते."

पंच्याऐंशी सालची विधानसभा आली. हरिदास निळ्या झेंड्याचा, मी सरकारी पक्षाचा. इसरू पाटलाच्या नव्या घराचे दारं-फळ्या कापून राह्यलो होतो.

"गडचिरोलीचा नवा जिल्हा देल्ला तुह्या सरकारनं," हरिदास खालून म्हने. "तुले काय भेटलं बे त्यातलं?"

"तुहा मानूस डिपाझिट तरी वाचवते का, थे सांग."

"वरतं उभा हाय म्हनून तू मोठा नाई झाला."

"मंग ये वरतं. रेघ सोडून काप अना पाटलाच्या शिव्या खा."

असं चाले. हसनंही चाले. पन एक दिवस माही जीभ घसरली. मी म्हनलो, "तुमच्या लोकायले जे भेटलं, थे आमच्याच लोकायनं देल्लं."

त्यानं खालून आरा असा हिसकला का चार बोटं रेघ सुटली. दाराची फळी वाया गेली.

इसरू पाटील आला, फळी पाह्यली. "भांडाचं असन तं चौकात जाऊन भांडा. माह्या लाकडावर नोका भांडू."

पाटील गेल्यावर हरिदासनं बिडी पेटवली. मंग म्हनला, "लटारू, मतदानापर्यंत आऱ्यावर बोलनं बंद. एक शब्द नाई. नाईतं आपलं काई खरं नाई."

मले पटलं. हातावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून निसता आऱ्याचा आवाज. त्यानं बिडी पुढे केली का मी मान हालवून घ्यावी. रस्त्यानं जानारे थांबून म्हनत, "पाहा, असं पायजे. पक्ष वेगळे, पन तंटा नाई." इतक्या सभ्यपनानं आमी जिंदगीत वागलो नव्हतो. मले मात्र संध्याकाळी जेवन गोड लागे ना.

पाचव्या दिवशी मोठा सागाचा ओंडका घेतला. अर्ध्यावर आलो अना मले दिसलं, समोरची पाचर ढिली होऊन राह्यली. प्रत्येक ओढीला थोडी थोडी सरकत होती. "थांब" म्हनाचं होतं. एवढंच. रोजचा दिवस असता तं शिवी देऊन थांबवलं असतं.

पन आदल्या दिवशी त्यायचा मोर्चा माह्या दारावरून गेला, अना त्यात सगळ्यायत मोठा आवाज हरिदासचा. थे पोटात जळत होतं. मी मनात म्हनलो, त्याच्या हाताले समजनच. तोच बोलन पह्यले. ठराव त्यानं केला, त्यानंच मोडावा.

पाय सरकवाले त्यानं डावा हात घोडीवर टेकवला, अना ओंडका फिरला तो त्या हातावरच.

त्याले बैलबंडीनं कुरखेड्याले नेलं. तिथून माह्याच पक्षाची प्रचाराची जीप गडचिरोलीले जात होती, तिच्यात टाकलं. भोंगा रस्ताभर वाजत होता, बंद कराचं कोनाले सुचलंच नाई. डाक्टरनं दोन बोटं काढली.

दवाखान्यात बायनाबाईनं इचारलं, "भाऊ, तुमाले वरतून दिसलं नाई काय जी?"

"नाई बाई," मी म्हनलो. "एकदमच झालं."

खाटंवरून हरिदास म्हनला, "त्याले काय इचारतं? दिसलं असतं तं बोलला असता."

त्या रात्रीपासून झोप गेली माही.

मतदानाच्या दिवशी शाळंपुढे लाइन लागली होती. हरिदास माह्या पुढे, डावा हात पट्टीत, गळ्यात बांधलेला. लाइन सरकत होती. दारापाशी आलो तवा मी म्हनलो, "हरिदास, मले दिसली होती पाचर."

त्यानं मान वळवली नाई. "कवा?"

"चार-पाच ओढी आधी."

"मंग?"

"मले वाटलं, पह्यले तू बोलशीन."

लोकं मांगून ढकलत होते. तो जाग्यावरच उभा होता.

"मले खालून काय दिसते, लटारू?"

आतून त्याचं नाव पुकारलं. दारातून मले दिसत होतं. शाईवाल्या साहेबानं सवयीनं म्हनलं, "डावा हात." यानं पट्टीचा हात पुढे केला. साहेब पाहातच राह्यला. मंग उजवा मांगला, अना त्याच्या बोटाले शाई लावली.

तो बाहेर आला. "जा," म्हनला. "तुही बारी हाय."

मी आत गेलो. शिक्का कुठी मारला, थे पाह्यलंही नाई. बाहेर आलो तवा हरिदास निंगून गेला होता.