अंगुस्तान

झुल्माच्या खुर्चीवरून उठताना पिलारने हात झटकले.

“घे, झाला तुझा कॉम्प्युटर स्वच्छ. माऊस पाकात बुडवल्यासारखा चालत होता. कसं काम करत होतीस गं यावर?”

झुल्मा दारातच थांबली. जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन आली होती. फार तर वीस मिनिटं.

“काय केलंस?”

“विल्मार म्हणाला, एलिदाबाई तीनला येतायत, मुरंब्याचं लेबल मोठ्या पडद्यावर लावून ठेव. मशीन नुसतं रांगत होतं. मग माऊसचा वेग, क्लिकचा वेळ, कीबोर्ड, सगळं नव्यासारखं करून टाकलं. आणि कोपऱ्यात ते अंगुस्तानाचं चित्र होतं ना? दहा वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं. काढलं, कचराही रिकामा केला.”

“बरं केलंस,” झुल्मा म्हणाली आणि उजवा हात तिने कोटाच्या खिशात घातला.

अक्षरं काढणं हा झुल्माचा धंदा. बिस्किटांचे पुडे, वाइनच्या बाटल्या, साबणाच्या वड्या. मोंतेविदेओतल्या कुठल्याही दुकानात गेलं तरी फळीवर तिच्या हातची दोनचार नावं सापडत. दोन वर्षांपूर्वी तो हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वडिलांकडून आलंय, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. हात ऐकेना म्हटल्यावर तिने मशीनलाच समजावलं. एका क्लिकचे दोन व्हायला लागले, तेव्हा क्लिकचा वेळ वाढवला. एक अक्षर दाबलं की चार उमटू लागली, तेव्हा कीबोर्डला जरा दम धरायला शिकवलं. एकेक बदल एकेका वाईट दिवसाने शिकवलेला होता.

आणि सगळ्यांत लाडकं ते अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात त्या टोपीचं चित्र असलेला, ब्राझीलमधल्या कुणा भल्या माणसाने फुकट वाटलेला बोटभर प्रोग्राम. हात कसाही हलो, मागून उमटणारी रेषा तो सावरून घ्यायचा. सकाळी कोपऱ्यात ते चित्र दिसेपर्यंत झुल्मा अंगातला कोटसुद्धा काढत नसे.

निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. विल्मारच्या तीन माणसांच्या स्टुडिओत थरथरत्या हाताला पगार कोण देणार? विल्मार माणूस वाईट नव्हता, पण धर्मशाळाही चालवत नव्हता.

पिलार भांडी धुवायला आत गेली तशी झुल्मा खुर्चीत बसली आणि आधी अंगुस्तान शोधू लागली. ब्राझीलच्या त्या माणसाचं पानच नाहीसं झालं होतं. दुसरीकडे एक सापडलं, ते पैसे भरल्यावर चालणारं निघालं. कार्डाचा नंबर टाकताना एक आकडा तीनदा उमटला. तिने तो खोडला, पुन्हा टाकला, पुन्हा तीनदा. घड्याळात दोन चाळीस झाले होते. माऊसचा वेग तरी आधी कमी करावा, असं मनात येतंय तोवर दाराची घंटा वाजली. एलिदाबाईंची कानेलोनेसहून येणारी बस त्या दिवशी लवकर पोचली होती.

एलिदाबाई सत्तरीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. मुरंब्याचा कारखाना त्यांच्या आजीने काढलेला. पडद्यासमोर उभं राहून त्यांनी लेबल नीट पाहिलं.

“सगळं छान आहे. फक्त शेवटच्या अक्षराची शेपटी फार ताठ आहे. मुरंबा असा पडतो का कधी? चमच्यावरून ओघळतो तशी करा.”

“झुल्मा, दाखव करून,” विल्मार म्हणाला. “दोन मिनिटांचं काम आहे.”

झुल्माने माऊस हातात घेतला. बाण पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. तिने तो परत आणला, श्वास रोखला आणि शेपटी काढली. रेषा करवतीच्या दात्यांसारखी आली, ती हातभर उंचीची, भिंतीवर, सगळ्यांदेखत. तिने ती पुसली. दुसरी त्याहून वाईट आली. एलिदाबाईंनी पर्समधून चष्मा काढला. विल्मारच्या पेन्सिलीची टकटक थांबली.

“माझी चूक आहे,” मागून पिलार म्हणाली. “मी दुपारी तिच्या माऊसचा वेग बदलला.”

“तुला कुणी सांगितलं होतं?” विल्मारने आवाज चढवला नाही, पण तो लाल झाला. “दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी बोललो होतो ना? गिऱ्हाइकासमोर शोभा करून ठेवलीस. शुक्रवारी तुझे तीन महिने संपतायत. पुढे ठेवायचं की नाही, याचा विचार करत होतो मी. बरं झालं, प्रश्न मिटला.”

झुल्माला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आता नुसतं गप्प बसलं की झालं. उद्या माऊस ठीक करायचा, पैसे भरून ते दुसरं अंगुस्तान आणायचं, कुणाला काही कळणार नाही. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच तिला लाज वाटली.

तिने टेबलावरचा लेबलाचा कागद उचलला आणि उजव्या हातात समोर धरला. कागद फडफडायला लागला. खोलीत तेवढाच आवाज होता.

“माऊस नाही, विल्मार,” ती म्हणाली. “हात आहे. दोन वर्षं झाली.”

“म्हणजे शेपटी आज होत नाही?” एलिदाबाईंनी विचारलं. “माझी पाचची बस आहे.”

विल्मार अजून त्या कागदाकडेच बघत होता. स्टुडिओत दुपारी माते व्हायचं, तिथला कडवट पाल्याचा चहा. एकाच पेल्यात गरम पाणी ओतून तो सगळ्यांना फिरवायचा मान अकरा वर्षं झुल्माचा होता. मार्चमध्ये तिने तो पिलारच्या गळ्यात घातला होता.

“मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावलीयस,” तो म्हणाला. “म्हणून माते पाजायचं सोडलंस.”

“गरम पाणी सांडायचं रे.”

त्याने मान हलवली.

झुल्मा खुर्चीतून उठली. “पिलार, बस इथे. मी सांगते तसं कर.”

पिलार बसली. झुल्मा तिच्या खांद्यामागे उभी राहिली.

“खाली ये. सावकाश. अजून नको वळू. घाई करू नकोस, मुरंबा आहे, पाणी नाही. आता वळ. जाड होऊ दे, पोट येऊ दे त्याला. सोड.”

आठव्यांदा ती शेपटी तशी आली. झुल्माला ती पाहून आनंद झाला आणि वाईटही वाटलं. हात दुसऱ्याचा होता, तरी रेषा तिचीच होती.

“हे,” एलिदाबाई म्हणाल्या. “हेच म्हणत होते मी.” त्यांनी वही काढली. “डब्याच्या मागे मी करणाऱ्याचं नाव छापते. मुरंबा कुणी ढवळला, अक्षर कुणी काढलं. हे कुणाच्या हातचं?”

“झुल्माच्या,” पिलार म्हणाली. माऊस अजून तिच्याच मुठीत होता.

“हात हिचा आहे,” झुल्मा म्हणाली. “मी नुसती बघत होते.”

“बघणाऱ्यासाठी डब्यावर जागा नाही हो. एकच नाव सांगा.”

विल्मारने झुल्माकडे पाहिलं. ती एलिदाबाईंच्या वहीकडे बघत होती.

“पिलार इतुर्राल्दे,” तिने सांगितलं. “दोन र आहेत, नीट लिहा.”

एलिदाबाईंनी लिहिलं, वही मिटली आणि बस गाठायला निघाल्या. विल्मार त्यांना दारापर्यंत सोडून आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

“सोमवारी कुठलं काम आहे?”

“वाइनची सहा लेबलं,” झुल्मा म्हणाली.

“मग तुम्हा दोघींना अजून एक खुर्ची लागेल या टेबलाला,” तो म्हणाला आणि आतून स्वतःची उचलून घेऊन आला.

पिलार घाईघाईने उठू लागली. झुल्माने तिला खांद्याला धरून परत खाली बसवलं, विल्मारची खुर्ची शेजारी ओढली आणि त्या खुर्चीत बसली. तिथून पडदा जरा तिरका दिसत होता.