तपासणाऱ्याची सही

“इथून गाडी कधीच गेली नाही, बाई,” रेल्वेचा जुना मुकादम म्हणाला आणि एका दगडावर टेकला.

मोठ्या बाईंनी नकाशा त्याच्या पुढ्यात धरला. भूमापन कचेरीच्या त्या मुख्य आरेखक. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ओढलेली रेघ खोडण्याची वेळ कोणावर आली नव्हती, आणि ही गोष्ट कचेरीत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जाई.

“मुकादम, रेल्वेचा नकाशा हेच सांगतो. आमच्या कचेरीचा हेच सांगतो. सायकलवाल्यांनी बनवलेला मोबाईलवरचा नकाशाही हेच सांगतो. तिघे खोटे आणि तुम्ही एकटे खरे?”

“सव्वीस वर्षं मी या रुळांवरून चाललोय. तुमच्या नकाशांना पाय आहेत का?”

कचेरीचे साहेब हसले. ते बाईंच्या मुलाहून लहान. बंद पडलेल्या या चौदा मैलांच्या रेल्वेमार्गावर सायकलवाट व्हायची होती. रविवारी दोनशे सायकलस्वार नवा नकाशा घेऊन निघणार होते, आणि शुक्रवारी तो छापायला जायचा होता. आज बुधवार. तीन नकाशांचे एकमत असल्यावर जागेवर येण्याचे तसे कारण नव्हते. पण पायाखालून न घातलेल्या जागेच्या नकाशावर सही करायची नाही, हा अलीकडे बाईंचा शिरस्ता होता. मुकादमाला तर साहेबांनी उद्घाटनाच्या पत्रकात छापायच्या फोटोपुरते गाडीत घेतले होते.

“टेकडी फोडून रूळ टाकले असते,” मुकादम म्हणाला, “तर दगडावर सुरुंगाच्या खुणा नसत्या का? बघा हात लावून.”

बाईंनी हात लावला. दगड खडबडीत होता, शेवाळलेला होता, आणि त्याला कोणी कधी शिवले नव्हते. नकाशातल्या रेघेवरून त्या दहा पावले पुढे गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या. समोर जमीनच संपली होती. खाली दगडाची खाण, चाळीस फूट.

“उताराने जोरात येणारा सायकलवाला इथे थांबला असता का हो?” मुकादमाने विचारले.

मग त्याने दोघांना टेकडीला वळसा घालून तळ्याच्या काठाने नेले. गवत पायाने बाजूला सारले. खाली रुळांखालची काळी खडी होती. पुढे एक दगडी मोरी, तिच्या कपाळावर कोरलेला आकडा.

“बारा नंबरची मोरी. उन्हाळ्यात आमची टोळी हिच्याखाली जेवायला बसायची. मोरी काही मी घरून आणून ठेवली नाही, बाई.”



कचेरीत येताच त्यांनी रेल्वेच्या दप्तरात फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, “आमची मूळ कागदपत्रं पुरात गेली, बाई. सध्या आहे ती तुमच्याच कचेरीची प्रत. सायकलवाले आले होते, त्यांनाही तीच दिली.”

बाईंनी फोन खाली ठेवला. तीन साक्षीदार म्हणून ज्यांची शपथ त्या सकाळपासून वाहत होत्या, ते तिघेही एकाच आईची लेकरे निघाले.

रेल्वेने पूर्वी नकलेसाठी पाठवलेला मूळ तक्ता परत करायचा राहून गेला होता. तो त्यांनी स्वतः कपाटातून काढला. ओल लागून निम्मा खराब झालेला. त्यावर दोन रेघा होत्या. तांबडी तळ्याला वळसा घालून गेलेली, पिवळी टेकडीतून सरळ. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: पिवळी, प्रस्तावित.

त्यांना सगळे आठवले. नोकरीचे पहिले वर्ष, रूळ उखडून तीन वर्षे झालेली. सरळ जाता येत असताना कोणता शहाणा अभियंता एवढा वळसा घालील, असा विचार करून त्यांनी तांबडी रेघ जुनी आणि टाकून दिलेली ठरवली होती आणि पिवळी उतरवली होती. तेव्हाचे मुख्य आरेखक म्हणाले होते, “रेल्वेच्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून घे.” त्यावर बाईंनी विचारले होते, “रूळ ठोकणाऱ्यांना विचारून मी नकाशे काढायचे का?”

नकलेखाली दोन चौकटी होत्या, रेखाटणार आणि तपासणार. दोन चौकटींत दोन वेगळ्या माणसांच्या सह्या हव्यात, हा कचेरीचा नियम. दोन्हीकडे सही बाईंचीच होती.

“खाली नुसतं ‘सुधारित आवृत्ती’ लिहू,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच आठवड्यांवर तुमचा निरोप समारंभ आला, बाई.”

“आणि जुना नकाशा ज्यांनी उतरवून घेतलाय, त्यांचं काय? ते म्हणतील, दोन ठिकाणी एक आहे आणि एका ठिकाणी वेगळं, म्हणजे हेच चुकलं. आज सकाळी मी तेच म्हणत होते, साहेब.”

घरी नणंदेने सगळे ऐकून घेतले. त्या वयाने मोठ्या आणि जिभेने त्याहून मोठ्या.

“जेवण चाखून बघू का म्हटलं तर तुला राग येतो, वहिनी. आणि आता साऱ्या गावाला सांगणार, की माझं चुकलं?”

“सांगणार, वन्सं.”

“मग बरं झालं. तुझ्या भाजीत बारा वर्षं मीठ कमी आहे.”

शुक्रवारी सकाळी नवा नकाशा टेबलावर होता. खाली बाईंच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते: ‘अकराव्या मैलानंतरचा मार्ग आमच्या आधीच्या नकाशात चुकीचा दाखवला गेला. चूक माझी. त्या नकाशावरून केलेल्या सर्व प्रती रद्द समजाव्यात.’ हाच मजकूर रेल्वेला आणि सायकलवाल्यांना पाठवून झाला होता. रेखाटणाऱ्याच्या चौकटीत सही होती. दुसरी चौकट रिकामी होती.

कचेरीची गाडी मुकादमांना घेऊन आली.

“मी तपासू?” ते दारातच थबकले. “मला सही येते, बाई. नकाशा येत नाही.”

“मला नकाशा येतो, वाट येत नाही. बसा, काका.”

बाईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवले. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या स्टेशनावर बोट ठेवले आणि ओठ हलवत पुढे निघाले. बोट फाटकाशी थांबे, पुलाशी थांबे, मान हले, मग पुढे सरके. कचेरीतला टंकलेखनाचा आवाज हळूहळू बंद पडला.

“हा पाण्याचा हौद,” तिसऱ्या मैलावर ते म्हणाले, “डाव्या हाताला होता. तुम्ही उजवीकडे काढलाय.”

कोणीतरी खोकले. बाईंनी वाकून हौद खोडला आणि डावीकडे काढला.

“असा?”

“अजून थोडा मागे. हां.”

साहेबांनी एक खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. हातात पेन्सिल धरून त्या मुकादमांच्या बाजूला उभ्या राहिल्या. बोट चौथ्या मैलाला लागले होते.