आगेवाला

जगन साठीला टेकला होता, आणि साठीतला माणूस पुन्हा गोल्फ खेळायला लागला की सगळ्यात आधी त्याची कंबर त्याला शिव्या घालते. जगनचीही घालत होती. पण कंबरेचं दुखणं चारचौघांत सांगता येतं, त्याची लाज वाटत नाही. जगनच्या फटक्यात बिघडलं होतं ते वेगळंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो ते कुणाला सांगत नव्हता.

किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना जगनच्या पाड्याच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. पूर्वी तिथे ढोरंसुद्धा नाइलाजाने चरायची. दोन वर्षांपूर्वी फार्महाऊसं बांधणारी एक कंपनी आली, माळ सपाट झाला, पाइप पडले, हिरवंगार गवत उगवलं आणि मैदान तयार झालं. तिथल्या मॅनेजरला, प्रशांतला, कुणीतरी सांगितलं की खालच्या पाड्यातला जगन तरुणपणी मुंबईच्या गोल्फ मैदानावर कॅडी होता आणि कॅडी लोकांचा कप त्याने दोनदा जिंकला होता. प्रशांत दुसऱ्याच दिवशी घरी हजर. उद्घाटनाचा पहिला बॉल जगनकाकांनी मारायचा, सगळा पाडा जेवायला बोलवायचा, शाल, नारळ, माईक, सगळं. माणसाला फुगायला साठाव्या वर्षीही फार वारा लागत नाही. जगन 'हो' म्हणून बसला.

मग त्याने एकोणचाळीस वर्षांनी स्टिक हातात घेतली. पहिला बॉल चार हातांवर जाऊन पडला.

शिकवायला रविना होती. मुरबाडची, सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ आणि हाताला सबुरी असलेली मुलगी. तानसाच्या पाइपलाइनवर नोकरी करून रिटायर झालेल्या या म्हाताऱ्याला तिने पहिल्या दिवशीच ओळखलं.

"काका, तुमी स्टिक नाय धरलीत, कुऱ्हाड धरलीत," ती म्हणाली. "बोटं सोडा जरा."

"किती सोडू?"

"गाय पिळताना सड धरता ना, तेवढंच."

ते जगनला कळलं. पकड सुटली. कंबर वळत नव्हती, तर तिने उजवा पाय थोडा बाहेर वळवायला लावला, डाव्या पायाची टाच उचलायची मुभा दिली, आणि स्टिक डोक्यामागे नेण्याऐवजी खांद्यापर्यंतच न्यायला सांगितली. "विशीतला स्विंग विसरा. या वयाचा वेगळा असतो. कमी न्या, पण सावकाश न्या." जगनने तेही ऐकलं. दहा दिवसांत तीन चुका गेल्या. चौथी हटेना.

बॉलला स्टिक लागायच्या नेमक्या आधी जगन मान वर करायचा. डोळे बॉलवरून उठून समोर जायचे, खांदे त्यांच्यामागे उठायचे, आणि स्टिक बॉलच्या डोक्यावर टक्कन बसून बॉल गवतातून सरपटत जायचा. रविनाने मोबाईलवर चित्रण करून त्याला ते सावकाश दाखवलं. बॉलखाली पळसाचं पान ठेवलं आणि म्हणाली, मारून झाल्यावर पानाचं काय झालं ते मला सांगा. जगनला एकदाही सांगता आलं नाही. शेवटी तिने त्याच्या टोपीच्या वर आडवी काठी धरली. दर फटक्याला टोपी काठीवर आपटायची.

"काका, बॉल कुठं गेला ते बघायची तुमाला फार घाई," ती वैतागून म्हणाली.

जगन हसला. बॉल कुठे जातो याच्याशी त्याला काहीच देणंघेणं नव्हतं. समोर कुणी उभं आहे का, हे तो बघत होता.

मैदानाच्या कडेला विळ्याने गवत कापणारा देवराम हे सगळं बघायचा. एका डोळ्याने बघायचा, कारण डावा डोळा त्याला नव्हता. तो जगनच्याच पाड्यातला, जगनच्याच वयाचा. दोघं एकदमच मुंबईला गेले होते, एकाच खोलीत राहिले होते, एकाच मैदानावर कामाला लागले होते. जगन कॅडी, म्हणजे साहेबांच्या स्टिकच्या पिशव्या उचलायचा, आणि देवराम आगेवाला होता. आगेवाला म्हणजे पुढे जाऊन उभा राहणारा, बॉल कुठल्या झुडपात शिरला ते हेरणारा माणूस. त्या कामाचा नियम एकच होता. मारणाऱ्याने आधी 'आगेऽऽ' म्हणून हाक द्यायची, आगेवाल्याने हात वर करून झाडाआड व्हायचं, आणि मगच बॉल मारायचा.

सोमवारी साहेब लोक नसत, तेव्हा कॅडी आपसांत खेळत. तसल्याच एका सोमवारी जगनला सूर लागला होता. एकेक बॉल सुतासारखा सरळ जात होता, आणि पुढच्या आठवड्यात तिसरा कप होता. ओरडलं की दम तुटतो, दम तुटला की स्विंग बिघडतो, असं तेव्हा त्याच्या डोक्यात बसलं होतं. देवराम काय, हुशार आहे, होईल आपसूक झाडाआड. जगनने हाक दिली नाही. बॉल मारून मान वर केली तेव्हा देवराम गुलमोहराच्या बाहेर येऊन त्याच्याकडेच बघत होता.

डोळा गेला. दोघं गावी आले. पाड्याच्या चौथऱ्यावर सगळी जमली, देवरामचा बाप पुढे बसला, आणि काय झालं ते विचारलं. जगन म्हणाला, "मी ओरडलो. देवरामला ऐकू नाय गेलं. त्याचा हात वर व्हायची वाट मी बघायला पायजे व्हती, तेवढी माझी चूक." खोट्यात एवढंसं खरं मिसळलं की ते किती पचनी पडतं! लोकांनी जगनचं कौतुक केलं, पोरगा चूक कबूल करतोय म्हणाले. आणि डोळ्यावर पट्टी बांधलेला देवराम सगळ्यांदेखत म्हणाला, "तो ओरडला असंल. मलाच ऐकू नाय आलं."

जगनने त्या दिवसापासून स्टिकला हात लावला नाही. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखाने सोडली. तोही तसंच मानायला शिकला, आणि बायकोपोरं, नोकरी, घर यांत ते जमूनही गेलं. दर फटक्याला मान का वर होते ते कळलं तेव्हा मात्र ती समजूत टिकली नाही. हात सगळं विसरले होते, मान एक तेवढी विसरली नव्हती.

उद्घाटन रविवारी होतं. गुरुवारी सकाळी जगन मैदानावर आला तर देवराम पाण्याच्या टाकीशी बसून तंबाखू मळत होता. त्याची बायको जानकीबाई भाकरी घेऊन आली होती. ती नेहमी देवरामच्या उजव्या अंगाला बसायची आणि कुणी काही बोललं की त्याला परत सांगायची. गेली कित्येक वर्षं तसंच चाललं होतं. पाड्यात देवरामशी बोलायचं म्हणजे दोनदा बोलायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"शहापूरला कानाचा कॅम्प व्हता," देवराम म्हणाला. "गेलतो."

"मग?" जगनने विचारलं.

"मग, म्हनतोय," जानकीबाईने परत सांगितलं.

"डॉक्टर बोलला, बाबा, तुमचे कान पोरासारखे हायेत. मी बोललो, नीट बघा. त्यानं परत बघितलं. परत तेच."

"बरं झालं की."

"कसलं बरं? त्याला काय समजत नाय." देवरामने तंबाखू तोंडात टाकली. "कान चांगले असते तर तुझी हाक नसती ऐकली मी?"

जानकीबाई हसली. "जलमभर हेच. हीर खोदनाऱ्यांत चांगलं काम मिलत व्हतं, तर सुरुंगाची हाक ऐकू नाय आली तर म्हनून गेला नाय. पोरी लहान व्हत्या तवा त्यांना घेऊन एकला रस्ता नाय ओलांडला कदी. गाडीचा हॉर्न ऐकू नाय आला तर, म्हने."

जानकीबाईने जगनला भाकरीचा तुकडा दिला होता, तो त्याच्या हातातच राहिला. डोळ्याचा हिशेब त्याने मनात हजारदा केला होता. कानाचा त्याने कधी केलाच नव्हता. एका डोळ्याने माणूस शेत करतो, लग्न करतो, पोरी वाढवतो, हे तो बघत आला होता आणि त्यावर स्वतःची समजूत काढत आला होता. पण या माणसाचे धडधाकट कान त्याने एका वाक्यात काढून घेतले होते, आणि ते एकोणचाळीस वर्षं आपल्याच खिशात ठेवले होते. त्याला स्वतःची किळस आली.

"काका, चला!" रविनाने हाक मारली. "आज वेगळं करू. बॉल कुठं पडतो त्याची काळजी तुमी नाय करायची. पुढं एक माणूस उभा करू, तो बघंल."

"मी ऱ्हातो की," देवराम उठला. त्याने विळा टाकीवर ठेवला आणि धोतराला हात पुसले. "आगेवालाच व्हतो मी. मी असताना याचा एक बॉल हरवला नाय, इचार त्याला."

जगन काही बोलायच्या आत तो चालायला लागला. दीडशे पावलांवर मोहाचं झाड होतं, तिथे जाऊन तो उभा राहिला, पाय फाकवून, हात कमरेवर ठेवून. त्याच्या उभं राहण्यातच आनंद होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला त्याचं काम दिलं होतं.

"मारा," रविना म्हणाली.

जगनने पकड घेतली, सड धरल्यासारखी. उजवा पाय वळवला. बॉलखालच्या पानाकडे बघितलं. आणि हात वर जाईनात. रविनाने दोनदा विचारलं, काका, काय होतंय का? त्याने स्टिक गवतावर ठेवली आणि तो मोहाकडे चालत निघाला. दीडशे पावलं त्याला फार लांब वाटली. परत फिरावं असं दर पावलाला वाटत होतं.

"काय रे?" देवरामने विचारलं.

"देवराम, मी त्या दिवशी ओरडलो नव्हतो."

देवरामने सवयीने उजवा कान पुढे केला. "आं? परत बोल."

त्याला ऐकू आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी जगनला ते परत बोलावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते मोठ्याने आलं. मागून रविना आली होती, जानकीबाईही टाकीपाशी उभी राहिली होती.

"मी ओरडलोच नव्हतो. दम तुटंल म्हनून हाक दिली नाय. चौथऱ्यावर खोटं बोललो."

मोहाच्या बुंध्यावर देवरामने हात टेकला. जगनला वाटलं, आता हा मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"म्हंजे माझे कान चांगले व्हते," देवराम म्हणाला.

"व्हते."

"तवापासून चांगले व्हते."

"व्हय रे."

डोळ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. जगन त्याचीच वाट बघत होता आणि ते आलंच नाही.

"तवा चौथऱ्यावर सांगितलंस," देवराम म्हणाला. "सगल्यांसमोर. माझा बा तिथं बसला व्हता. मेला तो, पोरगा बहिरा हाय म्हनत मेला."

"व्हय."

"रविवारी पाडा येतोय. माईक पन हाय."

शाल, नारळ, जेवायला बसलेल्या पंगती, पुढे बसलेले जावई, सगळं जगनच्या डोळ्यांपुढून गेलं. पण आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर फिरायची इच्छाही उरली नव्हती. "सांगतो," तो म्हणाला.

"बॉल मारायच्या आधी सांग."

"आधी सांगतो."

देवरामने मान हलवली. माफ केलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मग त्याने जगनकडे पाठ केली आणि पाड्याच्या दिशेला तोंड केलं.

"जा," तो म्हणाला. "तिकडं उभा ऱ्हा आनि ओरड. मला बघू दे."

जगन दीडशे पावलं परत आला. छाती भरून श्वास घेतला. "आगेऽऽ!"

देवरामचा हात वर गेला. पाठ तशीच. मग तो पाड्याकडे चालू लागला, पंचवीस-तीस पावलं गेला आणि थांबला.

"आगेऽऽ!"

हात वर.

पुन्हा तीस पावलं. पुन्हा थांबणं. जानकीबाई त्याच्यामागे निघाली, पण या वेळी ती त्याच्या उजव्या अंगाला गेली नाही, दहा पावलं मागेच राहिली आणि डोळ्याला पदर लावून चालत राहिली. जगन ओरडत होता आणि त्याचा घसा चिरत होता. मैदानाचं कुंपण आलं, देवराम त्यातून वाकून पलीकडे गेला, भाताच्या मोकळ्या शेतात उतरला, पहिल्या बांधावर थांबला. एवढ्या लांबून तो हाताच्या बोटाएवढा दिसत होता. जगनने ओरडून बघितलं. हात वर गेला, लगेच गेला.

दुसऱ्या बांधापलीकडे उतार होता. तिथे देवराम खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

बॉल अजून पळसाच्या पानावर तसाच होता. रविनाने स्टिक उचलून जगनपुढे धरली. तिचे डोळे लाल झाले होते.

"काका, समोर कुणी नाय आता," ती हळू आवाजात म्हणाली. "मारा."

जगनने स्टिक घेतली नाही. "त्याला अजून ऐकू जात असंल," तो म्हणाला, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून पुन्हा ओरडला.